गोणीच्या जागी दगड

शहरातून आमच्या सुआकिराच्या तळ्याकडे फुकट काही आलं, की माझ्या कपाळाला आधी आठी पडते. मागे निवडणुकीच्या तोंडावर सिमेंट आलं होतं, ते गोठलेलं. त्याआधी मत्स्यबीज आलं होतं, ते अर्धं मेलेलं. म्हणून त्या दिवशी ओढ्याच्या तोंडाशी ट्रक येऊन थांबला, त्यातून रबरी बूट घातलेली एक तरुण बाई उतरली आणि म्हणाली, "सेन्योरा, हा गाळ तुमच्या तळ्यासाठी आणलाय, फुकट," तेव्हा मी मनात म्हटलं, बेलार्मिना, इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

बाईचं नाव निदिया. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात इंजिनीयर. नदीचं गढूळ पाणी ते लोक तुरटी टाकून निवळतात, तळाला गाळ बसतो, तो उन्हात वाळवतात. तोच हा गाळ. तो जाळीच्या पिशव्यांत भरायचा आणि पिशव्या ओढ्याच्या तोंडाशी आडव्या रचायच्या. वरच्या कांद्याच्या वाफ्यांतून कोंबडखताचं पाणी ओढ्यात उतरतं, त्यातला फॉस्फरस हा गाळ धरून ठेवतो, आणि मग तळ्यावर हिरवी साय धरत नाही, असं तिचं म्हणणं.

"आणि तुमच्याकडे हा गाळ टाकायला जागा उरली नाही, हेही खरं ना?" मी विचारलं.

"तेही खरंच आहे," ती हसून म्हणाली. "आमची अडचण जाते, तुमचीही जाते."

"आपला केर दुसऱ्याच्या दारात लोटायचा आणि वर म्हणायचं, तुमच्याच भल्यासाठी! वा गं वा!"

तिला राग आला नाही. ज्या माणसाला राग येत नाही त्याचा मला जास्तच संशय येतो.

पण अडला हरी म्हणतात ना, तशी माझी गत होती. तळ्याच्या त्याच कोपऱ्यात माझे ट्राउट माशांचे पिंजरे. बापाने घातले, मी वाढवले. गेल्या वर्षी उन्हाच्या दिवसांत पाण्यावर हिरवी साय धरली आणि एका पहाटे जाऊन बघते तर मासे पांढरी पोटं वर करून तरंगताहेत. बिचारे गुदमरून मेले. मी काठावर बसून मोठमोठ्याने रडले, लाजलज्जा काही बाळगली नाही. मग तळ्याच्या कार्यालयातला माणूस येऊन सांगून गेला की येत्या ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यापर्यंत कोपऱ्यातलं पाणी निवळलं तर ठीक, नाहीतर पिंजरे कायमचे उचलायचे. पिंजरे गेले असते तर मी काय केलं असतं? नवऱ्याच्या कांद्यात खुरपं घेऊन बसले असते, आणि त्याने येता-जाता ऐकवलं असतं.

माझा नवरा एलिएसेर कांदेवाला. उतारावर त्याचे पातीच्या कांद्याचे वाफे, खाली माझे पिंजरे, मधून ओढा. भांडायला आम्हाला दुसरा विषय कधी लागलाच नाही.

"तुमच्या कोंबडखताने माझे मासे मारले," मी म्हणायची.

"आणि तू पिंजऱ्यात पोत्यापोत्याने खाद्य ओततेस, ते काय मासे डब्यात भरून ठेवतात? तेही पाण्यातच जातं की!"

मग मी आवाज चढवायची.

गावाच्या सभेत गाळाला होकार मिळाला. सभा आमच्याकडे तेहोच्या, म्हणजे चकतीफेकीच्या खेळाच्या, छपरात भरते. त्या दिवशी निम्मे पुरुष सभेकडे पाठ करून बाहेर तेहोच्या चकत्याच फेकत होते, एलिएसेर त्यातलाच. मी मात्र पुढच्या बाकावर. पिशव्या ओढ्यात लागल्या, आणि पुढे बदलायला म्हणून आणलेल्या गाळाच्या जादा गोणी केंद्राची माणसं काठावर रचायला लागली तशी मी आडवी गेले.

"पाण्याला इतक्या खेटून नको. आम्ही पाठ फिरवली की तळ्यात लोटून मोकळे व्हाल. वर रस्त्याकडेला ठेवा, चारचौघांच्या नजरेसमोर."

निदिया म्हणाली, "बरं." गोणी रस्त्याकडेला गेल्या, वर ताडपत्री पडली. गोणीही नव्या नव्हत्या. केंद्राने आमच्याच गावातून कोंबडखताच्या रिकाम्या गोणी मागून नेल्या होत्या, अंगावर लाल कोंबडीचं चित्र असलेल्या.

खोटं कशाला बोलू, पहिल्या काही आठवड्यांत ओढ्याच्या तोंडाशी पाणी निवळल्यासारखं वाटलं. तळातले गोटे दिसायला लागले. मी कुणाला बोलले नाही. इतक्यात खूश झालं की दृष्ट लागते.

पिशव्यांतला गाळ फॉस्फरस धरून धरून भरला की बदलावा लागतो. निदिया बदलायला आली आणि ताडपत्री उचलून बघते तर थप्पी निम्मी.

"सेन्योरा बेलार्मिना, गोणी कुणी नेल्या?"

"मला विचारतेस? तुझ्या गोणी, तुझी ताडपत्री!"

"कुणाला काय उपयोग त्याचा?" ती पुटपुटली.

उपयोग मला ठाऊक होता. वीटभट्टीवाले असला गाळ मातीत कालवतात, हे मी बाजारात ऐकलं होतं. म्हणजे फुकट म्हणून आमच्या गळ्यात मारायचं, गावाची सही-संमती घ्यायची, आणि मग हळूच भट्टीवर विकायचं! चोराच्या उलट्या बोंबा! गंमत बघा, कालपर्यंत जो गाळ मला घाण वाटत होता, तो नाहीसा व्हायला लागल्याबरोबर माझा झाला.

मी पाळत ठेवली. लोकर आणि सुया घेऊन रस्त्याकडेला बसायची, गुळपाण्याचा थर्मास शेजारी. निदियाचा ट्रक परत जाताना कुठल्या वाटेने जातो ते बघितलं. भट्टीच्याच वाटेने गेला! ती वाट पुढे शहरालाही जाते, पण ते मी मनावर घेतलं नाही. पुढच्या खेपेला थप्पीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गोणी उरल्या होत्या. पिशव्या बदलल्या गेल्या नाहीत, आणि कोपऱ्यातल्या पाण्यावर पुन्हा हिरवी झाक यायला लागली. रविवारी सभेत मी तोंड सोडलं.

"ही बाई आपला गाळ भट्टीवर विकते!" मी सगळ्यांसमोर बोट दाखवून म्हणाले.

छपरात एकच गलका झाला. सभेचे प्रमुख सातुर्निनो, माझ्या मुलीचे धर्मपिता, म्हणून मी त्यांना कोंपाद्रे म्हणते आणि ते मला कोमाद्रे. ते स्वतः मोठे कांदेवाले.

"कोमाद्रे, पुरावा काय?"

"पुरावा पाण्यावर तरंगतोय, जाऊन बघा!"

निदियाचा चेहरा पार उतरला. "मी एकही गोण विकलेली नाही," ती म्हणाली. "आणि हे काम बंद पडलं ना, सेन्योरा, तर सगळ्यांत आधी तुमचे पिंजरे जातील."

"ऐका! आता धमक्याही देते!"

कांदेवाले माना डोलवत होते. त्यांना हा गाळ पहिल्यापासून नकोच होता. गाळाने काम केलं तर खताने तळं नासतं हे सिद्ध होणार, आणि मग उद्या खत कमी टाका म्हणून कुणीतरी सांगत येणार. कोंपाद्रेंनी मिटक्या मारत जाहीर केलं की पुढच्या रविवारी हात वर करून ठरवू, पिशव्या ओढ्यात ठेवायच्या की उपटून फेकायच्या. एलिएसेर मागच्या बाकावर हात रुआनाच्या लोकरी घोंगडीखाली घेऊन, बुटांकडे बघत बसला होता. मला वाटलं, बायको सगळ्यांसमोर बोलली म्हणून लाजला असेल.

आठवड्याच्या मध्यात वारा सुटला. मी पिंजऱ्यांवरून परत येत होते. रस्त्याकडेची ताडपत्री एका बाजूने उडाली होती, ती नीट करायला वाकले. खाली दगड दिसले. ते मी आधीही पाहिले होते, ताडपत्री उडू नये म्हणून ठेवले असतील असं समजून सोडून दिले होते. पण ताडपत्रीवरचा दगड ताडपत्रीच्या खाली कसा असेल? हे दगड जमिनीवर ओळीने मांडलेले होते, जिथून गोणी गेल्या होत्या, नेमके तिथे.

आमच्याकडे कांद्याचं खत रस्त्याकडेला उतरतं. कुणाला कमी पडलं की तो विचारायला जात नाही. गोण उचलतो आणि तिच्या जागी दगड ठेवतो. पुढच्या कापणीला गोण परत आणून ठेवायची आणि आपला दगड उचलायचा. दगड आहे तोवर ती उसनवारी, चोरी नाही. शहरातल्या इंजिनीयरबाईला ही रीत कुठून माहीत असणार? दगड ठेवणारा आमच्यातलाच कुणीतरी होता.

मी एक दगड उचलला. मधोमध गोल खाच होती, दोरी बसण्यापुरती. माझ्या बापाने छिन्नीने पाडलेली खाच. जाळं बुडवायला बांधायचे ते माझे दगड, आमच्या घरामागे ढीग पडलाय त्यांचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी सुया-लोकर घेऊन शहरावर पाळत ठेवत होते, आणि चोर रोज माझ्याच हातचं जेवत होता.

दगड घेऊन मी तशीच उतार चढून गेले. एलिएसेर वरच्या वाफ्यात उकिडवा बसला होता. दगड मी त्याच्या पुढ्यात टाकला.

"हा कुणाचा?"

त्याने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दगड ठेवला होता ना," तो म्हणाला. "चोरी नाही केली मी."

"माझ्या जाळ्याचे दगड!"

"हाताला तेच लागले."

"अहो, पण गाळ? गाळ नेलात तुम्ही?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, गाळ आहे म्हणून? गोणीवर कोंबडी, थप्पी रस्त्याकडेला. मला वाटलं सातुर्निनोने खत उतरवलंय. वास नव्हता, म्हटलं जुनं मुरलेलं दिसतंय, एक नंबर माल." त्याने माझ्याकडे तिरकं बघितलं. "आणि गोणी रस्त्याकडेला कुणी ठेवायला लावल्या?"

मी वाफ्याकडे बघितलं. शेजारच्या वाफ्यात पात गुडघ्याला लागत होती. ह्या वाफ्यात वीतभर. काळपट, खुरटलेली, शेंडे करपलेले. आजारी पोरासारखी दिसत होती.

"ह्याच्यात घरचं खतही घातलं होतं, नेहमीइतकंच," एलिएसेर म्हणाला. "आणि वर ह्या गोणी. म्हटलं दुप्पट येईल पीक. हे बघ काय आलंय ते."

मी तिथेच बांधावर बसले. गाळाने खत धरून ठेवलं होतं. कांद्याच्या मुळाला काही मिळूच दिलं नव्हतं. निदिया जे सांगत होती ते सगळं ह्या वाफ्यात उगवून आलं होतं, शब्दन् शब्द. जे ह्याच्या कांद्याला मारत होतं तेच माझ्या माशांना तारणार होतं, आणि मी त्या पोरीला भर सभेत चोर ठरवलं होतं. हसावं की रडावं?

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"रविवारी. तू बोलत होतीस तेव्हा."

"आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीत?"

"काय बोलू? अख्खं गाव हसलं असतं. एलिएसेरला खत आणि चिखल कळत नाही! आणि कांदेवाले म्हणाले असते, बायकोच्या माशांसाठी फितूर झाला."

"म्हणजे त्या पोरीची अब्रू गेली ती चालेल?"

"ती तू घालवलीस," तो म्हणाला.

खरं होतं म्हणून फार झोंबलं. मी उठले. "रविवारी सभेत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन."

तो पुन्हा वाफ्याकडे वळला. वाकून तण उपटायला लागला. दगड मी उचलून घरी आणला आणि चुलीच्या कडेला ठेवला, त्याला उठता-बसता दिसावा म्हणून.

उरलेला आठवडा घरात अळीमिळी गुपचिळी. तो जेवायचा, जायचा, यायचा. माझं डोकं मात्र चालूच. शुक्रवारी तो कोंपाद्रेंच्या घरी गेला. कशाला? शनिवारी दाढी केली. का? कांदेवाल्यांचं ठरलं असणार, आणि हा त्यांच्यात सामील. हात वर करील तो पिशव्या उपटायलाच, माझ्या डोळ्यांदेखत! रविवारी सकाळी तो बाहेर पडल्यावर मी वरच्या वाफ्यात गेले, त्या खुरट्या कांद्याची एक मूठ उपटली आणि रुआनाखाली दडवली. तो नाही बोलला तर मी ती टेबलावर आपटणार होते.

छपर खच्चून भरलं होतं. निदियाही आली होती, एकटीच, दाराशी उभी. कुणी तिला बसायला जागा दिली नव्हती. कोंपाद्रेंनी पुन्हा सगळा विषय मांडला, त्यात माझं नाव दोनदा कौतुकाने घेतलं, आणि विचारलं, "मग? घेऊ या हात?"

मी मागे वळून पाहिलं. एलिएसेर शेवटच्या बाकावर, हात रुआनाखाली. हलला नाही.

मी उठले. "थांबा. माझं चुकलं. इंजिनीयरबाईने गोणी विकलेल्या नाहीत."

"मग कुणी नेल्या, कोमाद्रे?"

तोंड उघडलं, पण नाव बाहेर येईना. आपलेच दात, आपलेच ओठ. इतक्या वर्षांचा माझा माणूस, त्याला मी ह्या सगळ्यांच्या हसण्यापुढे टाकू? पण गप्प बसले तर पिंजरे गेले. रुआनाखाली कांद्याची मूठ माझ्या घामाने ओली झाली होती.

"मी नेल्या," मागून आवाज आला.

एलिएसेर उभा होता. त्याचा रुआना हलला, हात बाहेर आला, आणि हातात त्याच वाफ्यातल्या खुरट्या कांद्याची जुडी होती. तो बाकांमधून पुढे आला आणि जुडी कोंपाद्रेंच्या समोर टेबलावर ठेवली.

"खत समजून नेल्या. रीतीप्रमाणे दगड ठेवलेत, जाऊन बघा."

आधी कुणाला कळेना. मग कळलं, आणि जे हसू फुटलं ते छपराच्या पत्र्याला जाऊन लागलं. कुणी म्हणालं, "एलिएसेर, पुढच्या वेळी सिमेंट टाकून बघ, चांगलं येतं!" कुणी म्हणालं, "बायको माशांची, नवरा चिखलाचा!" तो कानशिलापर्यंत लाल झाला, पण बसला नाही.

"हसून घ्या," तो म्हणाला. "पण झालं की एक सांगा. माझ्या वाफ्यातलं खत ज्या गाळाने गिळलं, तो ओढ्यातलं सोडेल का? कोंपाद्रे, परवा तुमच्या घरी येऊन तुम्हाला हेच सांगितलं, तर तुम्ही म्हणालात गप्प बस. मला नाही बसवत गप्प."

कोंपाद्रे सातुर्निनो छताकडे बघायला लागले. हसू हळूहळू ओसरलं. "आणि गोणी मी परत करणार," एलिएसेर पुढे म्हणाला. "माझ्या गाडीने शहरातून आणीन, जितक्या नेल्या तितक्या."

मग हात वर झाले. सगळे नाही. एकेक हात रुआनाखालून असा निघत होता जसा थंडीत पांघरुणातून पाय निघतो. पण पुरेसे निघाले. पिशव्या ओढ्यात राहिल्या आणि माझ्या पिंजऱ्यांना पवित्र आठवड्यापर्यंत झगडायची संधी मिळाली. कोंपाद्रेंचा हात काही बाहेर आला नाही, आणि जाताना ते आमच्याशी बोललेही नाहीत.

मी दाराशी गेले. "पोरी, मला माफ कर. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी."

निदियाने डोळे पुसले. "मला खूप लागलं ते, सेन्योरा," ती म्हणाली. मग टेबलाकडे बघून, "ती जुडी मी नेऊ का? केंद्रात दाखवायचीय."

घरी जाताना आम्ही दोघंच रस्त्यावर होतो. एलिएसेर पुढे, मी मागे. मला त्याचा हात धरावासा वाटत होता, पण माझा हात रिकामा नव्हता. जरा वेळाने तो थांबला आणि हवा हुंगली.

"कांद्याचा वास कुठून येतोय? जुडी तर ती बाई घेऊन गेली."

"वाफ्यांकडून येत असेल."

"तुझ्याकडून येतोय."

मी रुआना बाजूला केला. त्याने त्या मुठीकडे बराच वेळ बघितलं. सभेत सगळं गाव हसलं तेव्हा पडला नव्हता तितका त्याचा चेहरा आता पडला.

"म्हणजे तुला वाटलं मी बोलणार नाही."

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

तो चालायला लागला. रस्त्याकडेच्या थप्पीपाशी आल्यावर वाकला, ताडपत्री उचलली आणि दगडांच्या ओळीवरून बोट फिरवत गेला. एका जागी बोट थांबलं. तिथे दगड नव्हता.

"इथला दगड?"

"घरी आहे, चुलीपाशी. मीच नेला."

"तो आणून ठेव," एलिएसेर म्हणाला. "ती गोण मी अजून परत केलेली नाही. दगडाशिवाय ती चोरी होते."

तो घरी जाऊन बूट काढून बसला. मी बसले नाही. चुलीपासचा दगड उचलला, रुआनाच्या टोकाने राख पुसली, आणि उजेड होता तोवर रस्त्याकडेला जाऊन होता त्या जागी ठेवून आले.